खरा खोकला

नगर, ६ एप्रिल

चि. पुष्पास,

एका फुप्फुसाचे पूर्ण आणि दुसऱ्याचे अर्धे आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन केला असता, पण डॉक्टरांनी मला बोलायला बंदी घातली आहे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बोलण्याचाच पगार घेतला, त्याच्यावर ही वेळ. तुझा फोन आला तर सुरेखावहिनी उचलेल आणि "ते झोपलेत" म्हणेल. मी झोपलेलो नसेन, तुझा आवाज तिच्या कानापासून माझ्या खाटेपर्यंत व्यवस्थित पोचेल.

झालं असं. सोनईला शाळेत नववीचे संस्कृतचे पेपर तपासत होतो. एका चिरंजिवाने देव शब्द असा चालवला होता की देवालाही वाट सापडली नसती. मला हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि उजव्या बरगडीत सुरी खुपसावी तसं झालं. इथे आणल्यावर कळलं की फुप्फुसावर एक फोड होता, तो फुटला. हवा फुप्फुसातून निघून फुप्फुस आणि बरगड्या यांच्या मधल्या फटीत शिरली आणि फुप्फुस वाळल्या अंजिरासारखं आक्रसून बसलं. आता बरगड्यांतून एक नळी घातली आहे. तिचं दुसरं टोक खाटेखाली, पाण्याच्या बाटलीत. अडकलेली हवा तिकडून निघते, बुडबुडे येतात. सुरेखा त्या बाटलीकडे दूध उतू जाईल अशा भावाने बघत बसलेली असते.

इथे डॉ. धनश्री म्हणून एक तरुण डॉक्टर आहेत. त्या रोज नळीला एक छोटं यंत्र जोडतात आणि फुप्फुसाभोवतीचा दाब मोजतात. माझी समजूत होती की फुप्फुस आतल्या हवेने फुगतं. तसं नाही म्हणे. भोवतीची पोकळी त्याला चहूकडून ओढून धरते, म्हणून ते उघडं राहतं. त्यामुळे तिथला आकडा शून्याच्या खाली असावा लागतो. उणे आठ असला तर उत्तम. शून्याखालचे गुण मिळावेत म्हणून देवाची करुणा भाकणारा मी पहिलाच शिक्षक असेन.

तुझ्या ज्ञानेश्वरीचं लग्न चार मेला आहे हे मी विसरलेलो नाही. तोवर मी उभा असेन. मंगलाष्टकं लिहायला घेतली आहेत. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत एकोणीस अक्षरं, आणि ओळीत एकदाच थांबायचं. सध्या दम कुठे उसना मिळतो का बघतो आहे.

हे पत्र तुझ्या शेजारच्या हनुमंताबरोबर धाडतो. तो लिंबं घेऊन मार्केट यार्डात येतो आणि दवाखाना तिथून जवळच आहे. उत्तर त्याच्याच टेम्पोतून येऊ दे.

तुझा
दादा


मिरजगाव, ९ एप्रिल

दादा,

पाया पडते. आशीर्वादाला हात उचलू नको, नळी ओढंल.

हनुमंतानं चिठ्ठी दिली तवा मी भाकरी थापत हुते. वाचता वाचता भाकरी करपली. ती ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली, तवाच वळखलं की हनुमंतानं ह्यांना वाटंतच समदं सांगितलंय.

हसताना फुटलं म्हनतोस. किती येळा सांगितलं, पोरांच्या चुकांना हसू नको. आता पोरं हसतील.

आन् वैनीला इचार, ती बाटली जमिनीवर का ठिवलीया? येनाऱ्या-जानाऱ्याचा पाय लागंल. तुझा जीव हाय त्या बाटलीत. चांगली उशापाशी टेबलावर ठिवा म्हनावं.

लग्नाची गडबड चालू हाय. मला सख्खा भाऊ न्हाई, तूच एक. ज्ञानू म्हनती, दादामामा पाठीशी उभा नसंल तर मी अंतरपाटापाशी जानारच न्हाई. नवऱ्याकडचे परवा आल्ते. म्हनले, मामांची तब्येत बरी नसंल तर मंगलाष्टकं मोबाईलवरनं स्पीकरला जोडू, आजकाल समदे तसंच करत्यात. मी म्हनलं, आमच्यातला मामा अजून जित्ता हाय.

ते गेल्यावर वाटलं, आसं बोलाय नको हुतं.

डब्यात शेंगदान्याची चटनी हाय. बेतानं खा, ठसका लागंल.

पुष्पा


नगर, १६ एप्रिल

चि. पुष्पास,

मागच्यापेक्षा किंचित जास्त आशीर्वाद.

तुझ्या चिठ्ठीवरून सुरेखाने बाटली टेबलावर ठेवली. सिस्टर धावत आल्या. बाटली छातीच्या वर गेली तर तिच्यातलं पाणी उलटं माझ्या छातीत येतं. म्हणजे तू मिरजगावात बसून मला नगरमध्ये बुडवत होतीस. आता बाटली पुन्हा जमिनीवर आहे आणि सुरेखाने तिच्याभोवती कपड्यांच्या पिशव्यांचा बांध घातला आहे. शेतकऱ्याची लेक, दुसरं काय करणार?

प्रकृतीचं म्हणशील तर स्वस्थ पडलो की बुडबुडे थांबतात. खोकलो की पुन्हा सुरू. डॉक्टर रोज यंत्र जोडतात, समोर उभ्या राहतात आणि म्हणतात, "खोका, काका." मी खोकतो. आकडा उणे आठावरून उडी मारून शून्याच्या वर जातो, बाटली खदखदते आणि त्या पोरीचा चेहरा उतरतो. मागच्या बाकावरच्या मुलाला मी वर्षानुवर्षं उभा करून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आलो. त्याला येत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक असायचं. आता त्याची जागा मला मिळाली आहे.

काल त्यांनी नीट समजावून सांगितलं. भोक बुजलेलं नाही. एक तर आणखी थांबायचं, नाही तर पुण्याला नेऊन ऑपरेशन करायचं. दोन्हींत चार मे जातो. मी पाटीवर लिहून विचारलं, लग्नापुरती नळी काढून पुन्हा घालता येईल का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, आकडा सांगेल तेच मी करणार. तुमच्या भाचीला माझ्याकडून सॉरी सांगा."

छाती माझी, हवा माझी, भाची माझी. आकडा तेवढा माझा नाही.

मंगलाष्टकाची पहिली ओळ झाली: लिंबांच्या बनि सावली सरकते, आली उन्हे अंगणी. कशी वाटते? पडल्या पडल्या मनातल्या मनात म्हणतो. मनात दम लागत नाही.

एक उपाय सुचला आहे. जमला तर कळवतो.

दादा


मिरजगाव, १९ एप्रिल

दादा,

ओळ हनुमंताला वाचून दाखवली. म्हनला, मास्तरांनी त्यात लिंबाचा भाव पन बसवावा, मंजी यार्डात म्हनता यील. मला आवडली. आपल्या मागच्या वावरातलीच सावली हाय ना ती? मी वळखली.

पन उपाय कसला? तुझे उपाय मला ठावं हाईत. ल्हानपनी हिरीत कोन जास्त येळ बुडून ऱ्हातंय बघायचं ठरलं, तवा तू तळाचा दगड धरून बसलास. आमी काठावर रडाय लागलो तवा वर आलास आन् म्हनलास, जिंकलो का? डोळं लाल झाल्तं तुझं. आता तसलं काय करू नको. डॉक्टरीनबाई सांगत्यात तेवढंच कर.

लग्न पुढं ढकलावं म्हनून मी ह्यांच्या मागं लागले. पन नवरदेव पलटनीत. त्याची सुट्टी ठरलेली, एक दिस वाढत न्हाई. पुढली सुट्टी कवा, ते त्यालाच ठावं न्हाई.

पत्रिका छापून आल्या. मामा म्हनून तुझं नाव ठळक घातलंय. ज्ञानू येता-जाता त्याच्यावरनं बोट फिरवती. तुला सांगत न्हाई, आपलं लिवलं.

वैनीला म्हनावं, तिच्यासाठी येगळी चटनी धाडलीया, तू खाऊ नको.

पुष्पा


नगर, २३ एप्रिल

चि. पुष्पास,

दोन्ही फुप्फुसांचे आशीर्वाद. हे पत्र वाचून फाड.

तुला विहीर आठवली, मलाही तीच आठवली होती. तेव्हा दगड धरला, आता पोट धरलं. यंत्र जोडलं की मी पोटाने अगदी थोडा, समान श्वास घेतो. योगदिनाला मैदानावर पोरांना शिकवतो तो. छाती हलत नाही. डॉक्टर म्हणतात, "खोका, काका." मी खोकतो, पण घशातून. साहेब शाळा तपासायला आले की वर्गाला इशारा म्हणून मी एक खोकला काढतो, तोच. आवाज दणदणीत, आणि छातीला पत्ता नाही. आकडा उणे आठ, जागचा हलला नाही. बाटलीत एक बुडबुडा नाही. "आणखी एकदा." आणखी एकदा. रोज सकाळी हाच पाठ म्हणून दाखवतो आहे.

मग नळीवाचून फुप्फुस टिकतं का बघायला त्यांनी नळीला चिमटा लावून ठेवला. चिमटा होता तोवर मी एक अक्षर बोललो नाही की एकदा खोकलो नाही. ते कसं निभावलं ते सांगत नाही, तू काठावर रडायला लागशील. नंतर छातीचा फोटो काढला. फुप्फुस कडेपासून जरासं मागे आहे, पण आकडा चांगला आहे म्हणून उद्या नळी काढायची ठरली.

खरा खोकला येतो, नाही असं नाही. तेव्हा तोंड उशीत घालतो आणि बाटलीकडे बघत नाही. सुरेखाला यातलं काही माहीत नाही. ती पेढे आणायला गेली आहे.

कॉपी करणारी पोरं मी आजवर पकडत आलो. ती इतकी मेहनत करत असतील हे कधी ध्यानात आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा सांगितलेलं ऐकणारा पेशंट मिळत नाही." तेवढं एक वाक्य लागलं. बाकी मजेत आहे.

आठही मंगलाष्टकं तयार आहेत. नवऱ्याकडच्यांना म्हणावं, मोबाईल खिशातच राहू द्या.

दादा


मिरजगाव, २९ एप्रिल

दादा,

हनुमंताच्या टेम्पोचा पाटा मोडला. टेम्पो घोगरगावात गॅरेजात पडून हुता, त्याच्या शिटावर डबा, डब्यात तुझी चिठ्ठी. काल मिळाली. तवर वैनीचा फोन येऊन गेला हुता की नळी निघाली, आमी सोनईला घरी पोचलो. मी गल्लीत साखर वाटली हुती.

चिठ्ठी वाचली.

दादा, तू डॉक्टरीनबाईला फशिवलंस का मला, का ज्ञानूला, मला काय उमगंना. भोक बुजलंच न्हाई ना? मंग ती हवा आता कुठं जाती? आता तर नळी पन न्हाई.

फोन हातात घेतला. नगरला करावा, बाईला समदं सांगावं. तेवढ्यात ज्ञानू आली. म्हनली, मामाच्या फेट्याचा रंग कोंचा घ्यायचा? मी फोन खाली ठिवला. सांगितलं आसतं तर त्यांनी तुला परत खाटंवर झोपिवला आसता. न्हाई सांगितलं तर काय हुईल, ते देवाला ठावं. दोन्ही बाजूनं माझ्याच हातात, आन् माझ्या हातानं काय हुईना.

तू पुन्यांदा नगरला जा. बाईच्या म्होरं नीट, पोटातनं खोक. लग्न हुईल कसंबी.

ही चिठ्ठी सोनईला पोस्टानं धाडते.

फेटा केशरी घेतलाय.

पुष्पा


नगर, १२ जून

चि. पुष्पास,

आशीर्वाद आहेतच, मोजून देत नाही.

सुरेखा काल सोनईला जाऊन आली. दाराच्या फटीत तुझं पत्र पडलेलं होतं. आम्ही लग्नाला निघाल्यावर पोचलं असणार. तुझ्या हातात फोन होता आणि तू पोस्ट निवडलंस. रागावलो नाही, पुष्पे. ते पत्रही घशातूनच खोकलेलं होतं. आपण एकाच विहिरीचं पाणी प्यालेलो.

लग्नाचं मला आठवतं ते असं. सात झाली. छान झाली, असं बँडवालासुद्धा म्हणाला. आठव्याच्या तिसऱ्या ओळीत बाराव्या अक्षरावर थांबायचं असतं. मी त्याच्या आधीच थांबलो. मला वाटलं, मांडवातली सगळी माणसं माझ्या छातीवर चढून अक्षता टाकताहेत. पुढचं तू पाहिलंस, मी नाही.

आता इथलं. नळी पुन्हा आहे. मधल्या काळात आत पू झाला, ताप येऊन गेला, ते सुरेखाने तुला कळवलंच आहे. बुडबुडे मात्र बंद झाले. भोक आपसूक बुजलं, आता त्याचा उपयोग नसताना. कारण फुप्फुसावर जाड साल धरली आहे. डॉक्टर आत साठलेलं पाणी नळीतून सावकाश ओढतात आणि यंत्राकडे बघतात. फुप्फुस उघडत असेल तर आकडा हळूहळू उतरतो. माझा विहिरीत टाकलेल्या दगडासारखा जातो: उणे आठ, उणे वीस, उणे पस्तीस. छाती आतून पिळल्यासारखी होते आणि त्या हात थांबवतात. भोवतीची पोकळी एवढी ओढते आहे, आणि फुप्फुस जागचं हलत नाही. उणे आठासाठी मी लबाडी केली होती. आता खाली जाण्यात आकड्याने मला मागे टाकलं.

पुण्याच्या डॉक्टरांना फोटो दाखवले. साल सोलता येते, पण तेवढा वेळ डाव्या फुप्फुसाने एकट्याने घर चालवायला हवं. तेही फोडांनी भरलेलं आहे. भूल देणाऱ्यांनी नको म्हणून सांगितलं.

डॉ. धनश्रींना मी सगळं लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग बराच वेळ यंत्राची वायर गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, "मी छातीवर हात ठेवून बघायला हवं होतं, काका. मी नुसता आकडा बघत बसले." फसवलं मी, आणि खाली मान घातली तिने. रागावली असती तर बरं झालं असतं. तरी रोज येते, यंत्र जोडते, मोजते, लिहून ठेवते. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "दुसरं काय करू?"

मी आता अगदी बेंबीच्या देठापासून खोकतो. कोणाला सांगावं लागत नाही.

दादा


मिरजगाव, १६ जून

दादा,

परवा मी येऊन गेले ते वैनीनं सांगितलं आसंल. तुझा डोळा लागला हुता. उठवला न्हाई. बाटलीकडं बघत बसले. बाटली गप हुती. आदी बुडबुडं आलं की वैनी घाबरायची, आता येत न्हाईत म्हनून घाबरती.

तुला आठवत न्हाई म्हनतोस म्हनून सांगते. तू खाली बसलास तवा लोकांला वाटलं, भाची सासरी चालली म्हनून मामाला रडू फुटलं. बाया डोळं पुसाय लागल्या. कुनी तुला धरलं न्हाई. मागनं कुनीतरी सावधान म्हनलं, बँड सुरू झाला, अंतरपाट निघाला. ज्ञानू मात्र हार हातात धरून मागं वळून बघत हुती. नवरदेवानं हार घातला तरी तिचं त्वांड मागंच.

मी तुझ्यापासनं दोन हातांवर हुते. समद्या मांडवात मला एकटीला ठावं हुतं तू रडत न्हाईस. तरी मी हार पडूस्तर थांबले. मंग वरडले.

हे लिवायचं नव्हतं. पन तू बाईला लिवून दिलंस, मंग मी तुला.

ज्ञानू इचारती, आठव्याचं ऱ्हायलेलं कवा म्हननार? तिला सांगितलंय, मामाला बोलाय बंदी हाय.

उद्या हनुमंताचा टेम्पो निघतोय. बाजरीची भाकरी, चटनी आन् थोडं दही धाडते. तू उत्तर लिवू नको. वैनी म्हनली, चार ओळी लिवल्या की तुला तासभर धाप लागती. डबा नुसता परत धाड. रिकामा आला की मी समजंल, तू जेवतोस, बरा हाईस.

पुष्पा


नगर, १८ जून

चि. पुष्पास,

डबा रिकामा येतो आहे. भाकरी सुरेखाने खाल्ली, दही आणि चटणी शेजारच्या खाटेवरच्या बाबांनी. मी अर्धा घास घेतला, तोही सुरेखा बघत होती म्हणून.

डब्यावर जाऊ नकोस, एवढंच कळवायचं होतं.

दादा